मशीनला हळदकुंकू

दोरी तुटली आणि मी पाठीवर आडवी झाले.

मूठ माझ्या हातात राहिली. दोरीचं दुसरं टोक सुर्रकन मशीनच्या पोटात गेलं. मी कमरेएवढ्या गवतात आकाशाकडे तोंड करून पडले होते, आणि गवताच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्च्यांवर आमच्या मुलुंडच्या सोसायटीची अख्खी सभा बसली होती. कोणीतरी हसलं. कोणीतरी त्याला गप्प केलं. मग अध्यक्षांचा आवाज आला.

"मावशी, लागलं का?"

"नाही," मी पडल्या पडल्या म्हटलं.

"मग मैदानाचा विषय आधीच घेऊन टाकू या ना. उगाच कशाला थांबायचं?"

मैदानाचा विषय म्हणजे हे गवत. ते खणून काढायचं, त्यावर पेव्हर ब्लॉक बसवायचे आणि गाड्या लावायच्या, असा ठराव होता. आणि मी बोलून बसले होते की सभा संपायच्या आत सगळं गवत कापून दाखवते. नाही जमलं तर खुशाल ब्लॉक टाका, मी तोंड उघडणार नाही. मैदान गेलं की बाग गेली. बाग गेली की माझं आणि माझ्या जोडीदारणीचं काम गेलं. सत्तरी उलटलेल्या दोन बायकांना दुसरी बाग कोण देतो?

जोडीदारीण धावत आली. धावत म्हणजे तिच्या गुडघ्यांना जमेल तेवढं. येऊन तिनं आधी मशीनकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तुटली?"

"तुटली."

"आता गं?"

"आता मला उठव. मग सांगते."

आम्ही दोघी ह्या सोसायटीची बाग बरीच वर्षं बघतो. मी मालवणकडची, ती सोलापूरकडची. ती झाडांची आणि मी हत्यारांची, अशी आमची वाटणी आहे. तिनं लावलेलं मरत नाही. मी लावलेली तुळससुद्धा टिकत नाही. पण बागेतली प्रत्येक कात्री, विळा, खुरपं, पाण्याचा पंप आणि हे गवत कापायचं मशीन माझ्या हाताखालून जातं.

हे काम मी नवऱ्याकडून शिकले. तो गिरणीत फिटर होता. गिरणी बंद पडल्यावर त्यानं एका कारखान्याच्या भिंतीला टेकून पत्र्याची टपरी टाकली आणि पंप, मोटारी, फवारणीची यंत्रं दुरुस्त करायला लागला. हाताखाली माणूस नव्हता म्हणून मी. मी चौथी शिकलेली. पान्यावरचे आकडे वाचता येत होते, तेवढं पुरलं. पहिली दोन वर्षं मी पाने द्यायची आणि शिव्या खायची. मग पाना द्यायच्या आधीच सांगायला लागले की हा नको, तो घे. मग शिव्याही मीच द्यायला लागले. तो गेला त्याला बरीच वर्षं झाली. पाने माझ्याकडे आहेत.

हत्यारं सांभाळणं अवघड नसतं, कंटाळवाणं असतं. म्हणून लोक करत नाहीत. काम झालं की विळ्याला लागलेला चीक पुसायचा. कात्रीच्या सांध्यात तेलाचे दोन थेंब सोडायचे. खुरपी आणि फावडी वाळूच्या बादलीत खुपसून ठेवायची. त्या वाळूत मी जुनं इंजिन ऑइल ओतलेलं असतं, त्यामुळे गंज चढत नाही. मशीनचं तसंच. ते खांद्याला पट्ट्यानं अडकवतात. मागच्या टोकाला छोटं पेट्रोलचं इंजिन, मध्ये लांब दांडा, पुढच्या टोकाला गरगर फिरणारा नायलॉनचा दोरा, तोच गवत कापतो. तो दोरा मी आदल्या दिवशी पाण्यात भिजत घालते, मटकी घालतात तशी. कोरडा दोरा भिंतीला लागला की तुटतो, भिजलेला चिवट राहतो. पावसाळ्यात मशीन पंपरूममध्ये पडून असतं, तेव्हा टाकीत पेट्रोल ठेवायचं नाही. आताचं पेट्रोल हवेतलं पाणी पितं आणि आत घाण करून ठेवतं.

हे सगळं मी करते आणि दुसऱ्यांना सांगतेही. एकच केलं नव्हतं. चालू करायला ओढतात ती दोरी मुठीजवळ झिजली होती. मला दिसत होतं. बदलू बदलू म्हणत मी दोन दिवाळ्या घालवल्या. उपदेश करणाऱ्या बाईची दोरी तुटली की लोक हसणारच. मी त्यांच्यात बसले असते तर मीही हसले असते.

आता पैज कशी लागली ते सांगते. त्या वर्षी पाऊस लांबला. खाली चिखल, वर गवत, कापायची सोय नाही. सोसायटीच्या मागे डोंगर आहे. त्यामुळे कोणाला गवतात साप दिसला आणि कोणाला दिसल्यासारखा वाटला. अध्यक्षांनी नोटीस लावली. अध्यक्ष माणूस वाईट नाही. निवृत्त आहेत, तळमजल्यावर राहतात. त्यांच्याकडे गाड्या दोन आणि जागा एक. दुसरी गाडी बाहेर रस्त्यावर, कावळ्यांच्या झाडाखाली. रोज सकाळी ते बादली घेऊन ती धुतात आणि वर बघून कावळ्यांना बोलतात. त्यांचं दुःख खोटं नव्हतं. औषध मात्र आमच्या जिवावर उठलं होतं.

मी नोटीस वाचली आणि सरळ त्यांच्या दारात गेले.

"अध्यक्ष, गवतानं तुमचं काय घोडं मारलंय?"

"मावशी, कापणार कोण ते? तुमचं वय झालं. मशीनचंही झालं."

"माझं राहू दे. मशीन दोन ओढीत चालू होतं."

"दोन?"

"दोन."

"मग रविवारी सभा मैदानातच घेतो. सगळ्यांना दाखवा."

"दाखवते. सभा संपायच्या आत मैदान साफ. नाही झालं तर टाका तुमचे ब्लॉक."

जोडीदारीण माझ्या मागेच उभी होती. बाहेर आल्यावर तिनं माझ्या दंडाला चिमटा काढला. "तुझी जीभ एक दिवस तुलाच खाईल."

"दोन ओढीत होतं की नाही चालू?"

"होतं. पण त्याला विचारलंस का, सभेत होशील म्हणून?"

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी ते चालवून बघितलं. दोन ओढी. दसऱ्याला जोडीदारीण सुट्टीवर होती. दसऱ्याला त्यांच्याकडे सगळे पांढरे कपडे घालून विहारात जातात, तशी ती गेली होती. चार दिवसांनी रविवार आला. ऊन कडक पडलं होतं, मैदान सुकलं होतं. दहा वाजता सभा सुरू झाली. मी मशीनच्या गळ्यातला सुकलेला झेंडूचा हार काढून पंपरूमच्या खिळ्याला लावला, मशीन मैदानात आणलं, जमिनीवर टेकवलं, डाव्या हातानं दाबून धरलं आणि ओढलं.

एक. दोन. काही नाही.

दहा झाल्या. वीस झाल्या. मशीन नुसतं खोकायचं आणि गप्प व्हायचं. तिसाच्या पुढे मी मोजायचं सोडलं. सभेत पाण्याच्या टाकीच्या सफाईचा विषय चालला होता, पण टाकीकडे कोणाचं लक्ष नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते. मी चिडले, पाय रोवला आणि सगळ्या अंगानं ओढलं. तेव्हा दोरी तुटली.

इथपर्यंत आधी सांगितलंच आहे.

जोडीदारणीनं मला उठवून बसवलं, पाठीवरचं गवत झटकलं. तेवढ्यात तळमजल्याच्या गॅलरीतून आवाज आला. अध्यक्षांची बायको ग्रिलला धरून उभी होती. स्वयंपाक टाकून आली होती, हाताला पीठ होतं.

"मावशी, कसली दोरी लागते हो?"

"नायलॉनची. तुम्ही कपडे वाळत घालता ना, तसली."

ती आत गेली. दोन मिनिटांत बाहेर आली ती दोरी हातात घेऊनच. दोरीला अजून एक चिमटा लटकत होता.

अध्यक्ष खुर्चीतून अर्धे उठले. "अगं, माझे कपडे?"

"सोफ्यावर आहेत. ओले आहेत, बसू नका." तिनं दोरी माझ्या मांडीवर टाकली आणि जाऊन पहिल्या रांगेत बसली. "आणि मैदानाचा विषय आत्ता कसा काय? नोटिशीत त्याच्या आधी चपलांचा आहे. आधी चपला घ्या."

जिन्यात चपला ठेवायच्या की नाही, हा विषय आमच्या सोसायटीत अर्ध्या तासाच्या आत कधीच संपलेला नाही. तिला हे माहीत होतं. तिनं मला डोळा मारला नाही, पण मारल्यासारखंच.

मी लगेच कामाला लागले. मशीनच्या बाजूचं चार स्क्रूंचं झाकण उघडलं. आत दोरीची गुंडाळी असते आणि तिच्यामागे घड्याळात असते तशी चपटी स्प्रिंग. ती स्प्रिंग सुटली तर फणा काढल्यासारखी बाहेर येते आणि परत बसवता बसवता अर्धा दिवस जातो.

"इथे अंगठा ठेव," मी जोडीदारणीला म्हटलं. "दाबून. आणि शिंकू नकोस."

"शिंक आली तर?"

"तर मैदान गेलं."

"मग मला शिंकेचं कशाला सांगितलंस? आता येणारच की."

तिनं नाक वर करून, डोळे मिटून अंगठा दाबून धरला. मी पेट्रोलपासून चांगली लांब जाऊन काडीपेटीतली काडी ओढली, दोरीचं टोक जाळून घट्ट केलं, म्हणजे धागे सुटत नाहीत. मग दोरी गुंडाळीच्या भोकातून ओवली, आत गाठ मारली, गुंडाळली, दुसऱ्या टोकाला जुनी मूठ बांधली, झाकण लावलं. तिकडे आवाज चढले होते.

"चार जोड म्हणजे चपला नव्हेत, ते दुकान आहे दुकान!"

"आणि तुमच्या दारातली सायकल? ती काय पायात घालता?"

मी ओढलं. नवी दोरी छान सरकली. मशीन खोकलं आणि मेलं. पुन्हा ओढलं. पुन्हा तेच.

म्हणजे दोरी हा रोग नव्हताच.

नवरा म्हणायचा, इंजिन बंद असेल तर तीन गोष्टी बघ. आग, पेट्रोल, हवा. मी प्लग काढला. तो पेट्रोलनं ओला होता, म्हणजे पेट्रोल पोचत होतं. प्लग पुसून सुकवला, मशीनच्या लोखंडाला टेकवून दोरी ओढली. टोकाला निळी ठिणगी टचकन पडली. म्हणजे आग होती. हवेची जाळी उघडली. आतला स्पंज मी दसऱ्याच्या आधी साबणाच्या पाण्यात धुऊन सुकवला होता, तो स्वच्छ होता. तिन्ही गोष्टी जागच्या जागी आणि मशीन बंद.

मला घाम फुटला तो तेव्हा. पडले तेव्हा नाही. पडणं म्हणजे काय, पाठ शेकली की झालं. पण माझ्याकडचं ज्ञान तीन गोष्टींचं होतं आणि तिन्ही संपल्या होत्या. मी मांडी घालून बसले आणि गवताकडे बघत राहिले. ह्या मैदानात आम्ही दोघींनी किती डबे खाल्ले असतील, ते मनात आलं. मग मनातून काढलं. त्याचा उपयोग नव्हता.

जोडीदारीण मशीनकडे टक लावून बघत बसली होती. ती अशी बघत बसली की एक तर तिचे गुडघे दुखत असतात, नाहीतर ती विचार करत असते.

"ह्याचा धूर कुठून निघतो?" तिनं विचारलं.

"काय?"

"चूल पेटेना तर आपण लाकूड बघतो, फुंकणी बघतो. पण धुराला वाटच नसेल तर फुंकून फुंकून आपलेच डोळे जातात. ह्याचा धूर कुठून निघतो?"

मी बाजूचा सायलेन्सर दाखवला. त्याला करंगळी जाईल एवढं भोक आहे. आत एक बारीक जाळी होती, ती काजळीनं तुंबते म्हणून मी मागेच काढून टाकली होती. जोडीदारणीनं भोकासमोर तळवा धरला.

"ओढ."

मी ओढलं.

"वारा नाही."

"नीट धर गं."

"धरलाय. ओढ परत." मी परत ओढलं. तिनं मान हलवली. "नाही. हे श्वास घेतंय, सोडत नाही."

मी चष्मा वर ढकलून भोकात डोळा लावला. आत काळं दिसायला हवं होतं. आत लाल दिसलं. जोडीदारणीनं अंबाड्यातला आकडा काढला, सरळ केला आणि आत घालून टोकरलं. बाहेर एक दाणा पडला. तिनं तो बोटावर घेतला. तांदळाचा दाणा. कुंकवानं लाल झालेला.

तिनं दाण्याकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"दसऱ्याला काय केलंस ह्याचं?"

सांगायला लागलं. गिरणीत दसऱ्याला मशीनं सजवायचे. आम्हा घरच्यांना त्या दिवशी आत सोडायचे. नवरा स्वतःच्या हातानं त्याच्या मशीनला हळदकुंकू लावायचा, हार घालायचा आणि त्या दिवशी ते चालवायचा नाही. टपरीतही आम्ही करायचो. नंतर मी इथे करायला लागले. देवाचं मी फार करत नाही, पण हत्याराचं करते. मात्र दरवर्षी विळा, कात्री, खुरपी एवढीच पाटावर मांडायची. ह्या वर्षी मैदानाचं सगळं ह्या मशीनवर होतं, म्हणून त्याला पाटावर मधोमध निजवलं. सायलेन्सर वरच्या बाजूला आला. हळद लावली, कुंकू लावलं, हार घातला. ओंजळभर अक्षता वाहिल्या. मग नारळ फोडला आणि त्याचं पाणी मशीनच्या अंगावरून सोडलं. तेवढ्या एकाच भोकातून अक्षता आत गेल्या, नारळाच्या पाण्यात फुगल्या आणि चार दिवस पंपरूमच्या पत्र्याखाली तापून सिमेंट झाल्या.

जोडीदारणीनं सगळं ऐकलं. मग म्हणाली, "खण नव्हता का घरात?"

"का?"

"नाही, अख्खी ओटीच भरलीस ना त्याची. खणच तेवढा राहिला."

"गप."

"मी विहारात होते म्हणून. मी असते तर..."

"असतीस तर काय केलं असतंस? पूजा करू दिली नसतीस?"

"करू दिली असती. नारळ तेवढा बाजूला फोडायला लावला असता." आणि ती हसायला लागली. ती आवाज न करता हसते, नुसते खांदे हलतात. तिचे खांदे हलायला लागले की मलाही आवरत नाही. मैदान जायला निघालं होतं आणि आम्ही दोन म्हाताऱ्या गवतात बसून तोंडाला पदर लावून हसत होतो. सभेतल्या कोणीतरी विचारलं की मावशी रडतायत का. अध्यक्षांची बायको म्हणाली, "रडू दे, तुम्ही चपलांचं बोला."

मग आम्ही आळीपाळीनं टोकरलं. आकड्यानं, बारीक स्क्रूड्रायव्हरनं. तांदूळ ढेकळासारखे निघत होते, लाल, पिवळे, काळे. पदरात मूठभर जमले. तरी आत खोलवर एक गोळा होता, तो आकड्याला दाद देत नव्हता. तिकडे चपलांचं ठरलं, म्हणजे पुढच्या सभेत ठरवायचं असं ठरलं. अध्यक्ष उठले. हातात ठरावाचा कागद, अंगात रविवारचा कडक इस्त्रीचा पांढरा झब्बा. ते गवत तुडवत आमच्याकडे आले.

"काय मावशी? झालं की नाही?"

"होतंय. तुम्ही जरा त्या बाजूला व्हा."

"नाही, मला बघू दे नक्की काय बिघडलंय ते." आणि ते बरोबर सायलेन्सरच्या तोंडासमोर वाकले.

"अध्यक्ष, बाजूला व्हा म्हणते."

"ओढा हो तुम्ही. माझं काय करणारे ते?"

मी दोनदा सांगितलं होतं, ह्याला साक्षीदार आहेत. प्लग घट्ट केला, पेट्रोलचा रबरी फुगा दाबला, डावा हात मशीनवर ठेवला आणि ओढलं. खोकलं. परत ओढलं.

फाट्!

आतला गोळा सुटला. काजळी, कुंकू आणि तांदूळ, सगळं एकदम बाहेर आलं ते अध्यक्षांवर. झब्ब्यावर, चष्म्यावर, केसांत, ठरावाच्या कागदावर. आणि मशीन असं काही गर्जायला लागलं की मागच्या डोंगरावरून आवाज परत आला.

दुसरी ओढ होती. मी बोलले होते, दोन.

अध्यक्ष तसेच वाकलेले, डोक्यावर अक्षता. मी मशीनचा आवाज कमी केला. मग मागच्या रांगेतून कोणीतरी हात वर करून मोठ्यानं ओरडलं, "सावधाऽऽन!" आणि टाळ्या वाजल्या. लग्नात वाजतात तशा, लांबच लांब. अध्यक्षांची बायको खुर्चीतच वाकडी झाली होती. "अहो, असेच उभे राहा, मुंडावळ्या आणते," म्हणाली. अध्यक्षांनी चष्मा काढला. चष्म्यामागे दोन गोल स्वच्छ होते, बाकी सगळं तोंड गुलाबी आणि काळं. ते चिडणार असं मला वाटलं. त्यांनी मिशीतला तांदळाचा दाणा काढला, बघितला आणि ते स्वतःच हसायला लागले.

मी वेळ घालवला नाही. पट्टा खांद्यावर घेतला आणि कडेपासून सुरुवात केली. भिजवलेला दोरा गवतातून असा जात होता की जणू गवतच आडवं व्हायला वाट बघत होतं. डावीकडून उजवीकडे, एक पाऊल पुढे, परत डावीकडून उजवीकडे. जोडीदारीण मागून लांब दांड्याच्या पंजानं गवत ओढत ढीग करत होती. हिरवा वास सुटला, थेट चौथ्या मजल्यापर्यंत गेला असेल. कुठून तरी दोन बगळे येऊन माझ्या मागे चालायला लागले, किडे टिपत. गवताखालून वस्तू निघाल्या. अकरा चेंडू, एक स्टीलची वाटी, बॅडमिंटनची फुलं, एका बाईचं हरवलेलं पैंजण, जोडी नाही, एकच. साप निघाला नाही. एक बेडूक निघाला आणि अध्यक्षांच्या पायावरून उडी मारून गेला.

ऊन होतं, पाठ दुखत होती, हात इंजिनच्या धक्क्यांनी बधिर झाले होते, आणि मी गात होते. मशीनच्या आवाजात काही ऐकू येत नाही, म्हणून मी गाते. एरवी माझा आवाज कोणी ऐकून घेणार नाही.

मैदान संपलं तेव्हा मशीन बंद केलं आणि मागे वळून बघितलं. खुर्च्या रिकाम्या होत्या. सगळे कापलेल्या गवतावर अनवाणी फिरत होते. ज्यांनी अर्धा तास जिन्यातल्या चपलांवर भांडण केलं होतं, त्यांच्या चपलांचा मैदानाच्या कडेला ढीग पडला होता, एकात एक मिसळलेल्या. अध्यक्षांनी नियमाप्रमाणे ठराव वाचला. कागदावर कुंकवाचे शिंतोडे होते, ते बाजूला करून वाचला. पेव्हर ब्लॉकच्या बाजूनं त्यांनी आणि आणखी दोघांनी हात वर केले. त्यांच्या बायकोनं केला नाही. ठराव पडला.

नंतर जोडीदारणीनं रोपांवर टाकायची हिरवी जाळी दुहेरी करून शिवली आणि अध्यक्षांना रस्त्यावरच्या गाडीसाठी दिली. कावळे आता जाळीवर करतात. अध्यक्ष जाळी झटकतात. बादली वाचली. कावळ्यांना बोलणं चालू आहे, ती आता सवय झाली असावी.

पुढच्या दसऱ्याला मी मशीनची पूजा केलीच. आधी सायलेन्सरवर ती गवतात सापडलेली स्टीलची वाटी पालथी घातली, मग अक्षता वाहिल्या, आणि नारळ बाजूला फोडला. जोडीदारणीनं विहारातून फोन केला होता, वाटी घातलीस का म्हणून. संध्याकाळी परत केला, वाटी काढलीस का म्हणून. नवरा तीन गोष्टी सांगायचा. मी आता कोणी विचारलं तर चार सांगते, आणि चौथी कोणाची ते नाव घेऊन सांगते.

तिनं त्यानंतर एका गुडघ्याचं ऑपरेशन करून घेतलं. माझी पाठ थंडीत धरते. पांढरा झब्बा वाचला नाही, अध्यक्षांची बायको त्यानं गॅस पुसते. बाकी मैदान आहे, मशीन आहे, ती आहे, मी आहे. मशीनला दोरी अजून तीच आहे, कपडे वाळत घालायची.